देवरे नानांकडची किल्ली

देवरे नाना रिकाम्या घराचेही दार आधी वाजवत. कॉलनीतले कोणी गावाला गेले, की तुळशीला पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडे असे. हातात किल्ली असूनही ते कडी वाजवत, "मी देवरे, आत येतोय," असे मोठ्याने सांगत आणि मगच कुलूप उघडत. आम्ही हसायचो. "घर रिकामं असलं तरी परकं शे ना, भो," ते म्हणत. सातपूरच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर काढूनही सटाण्याकडची बोली त्यांच्या जिभेवरून उतरली नव्हती.

आमच्या कॉलनीत जादा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवण्याची पद्धत होती, आणि शेजारी म्हणजे नाना. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत. दारामागच्या फळीवर निम्म्या कॉलनीच्या किल्ल्या टांगलेल्या असत. मुलगा पुण्याला बोलावी, तेव्हा त्या फळीकडे बोट करून म्हणत, "एवढी घरं कुणावर टाकून येऊ?" त्या किल्ल्यांमुळेच ते नाशकात होते, असे म्हटले तरी चालेल.

नोकरीत असताना कामगारांच्या नाट्यस्पर्धेत ते दरवर्षी वाट्याला येईल ती भूमिका करत. त्या ओळखीतून सत्तरीत त्यांना एका गुन्हेविषयक मालिकेत काम मिळाले. भूमिका बंगल्याच्या वॉचमनची. मालकिणीचा खून होतो, किल्ल्या वॉचमनकडे असतात, म्हणून संशय त्याच्यावर येतो. शेवटी गुन्हेगार भाचा निघतो. पण तोवर चौकशीच्या धसक्याने या निरपराध माणसाने प्राण सोडलेला असतो. हा शेवट तेव्हा फक्त नानांना ठाऊक होता.

"खरं सांगा नाना, खून तुम्हीच केलाय ना?" शेजारच्या कुलकर्णी वहिनी विचारत.

"शब्द दिलाय, वहिनी. फाशी दिली तरी बोलणार नाही."

हसण्यावारी जात होते, तोवर ठीक होते. पहिल्याच भागात कुलपात किल्ली घालण्याआधी तो वॉचमन स्वतःशीच किंचित हसतो. ते हसू माझ्या ओळखीचे होते. आमची किल्ली फळीवरून काढताना नाना असेच हसत. आजवर मला त्यात माया दिसली होती.

मालिका पुढे सरकली, तशी फळी मोकळी होऊ लागली. वहिनी म्हणाल्या, "नणंद राहायला येतेय, तिला एक लागेल." कोणाची दुसरी किल्ली हरवली, कोणी भाडेकरू ठेवणार होते. नाना प्रत्येकाला चहा पाजत आणि किल्ली धोतराच्या सोग्याने पुसून हातात देत.

मी या लोकांतला नाही, अशी माझी माझ्याविषयी समजूत होती. मी किल्ली परत मागितली नाही. आई तेव्हा विंचूरला भावाकडे होती. मी सिन्नरला कारखान्यात आणि पत्नी शाळेत नोकरीला, त्यामुळे घर दिवसभर बंद असे. निघताना मी दाराच्या फटीत कागदाचा कपटा खोचू लागलो. ही युक्ती त्याच मालिकेतल्या इन्स्पेक्टरची. एका संध्याकाळी कपटा खाली पडलेला दिसला. वारा असेल, असे मला सुचलेसुद्धा नाही. साखरेचा डबा हलका वाटला. पलीकडून नानांचा खोकला आला, तर त्यातही काहीतरी दडवल्यासारखे ऐकू आले. नाना लग्नाला सटाण्याला गेले, त्या रविवारी मी दाराचे लॅच बदलून घेतले. जुनी किल्ली त्यांच्या फळीवर तशीच राहू दिली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. याला मी त्या वेळी सौजन्य समजत होतो.

आई परत आली. एका दुपारी मी कारखान्यातून तिला फोन करत राहिलो, ती उचलेना. घाबरून मी नानांना फोन लावला. "नाना, जरा बघता का? किल्ली आहेच तुमच्याकडे."

ते फोन कानाला लावूनच धावले. मला कडी ऐकू आली, मग धातूची खरखर. पुन्हा खरखर.

"शिरीष, किल्ली लागत नाही रे."

तेव्हा मला आठवले. पलीकडची खरखर थांबली. तेवढ्यात त्यांना सारे समजले असावे.

"असू दे," ते म्हणाले. "दार फोडतो."

पुढचे मी फोनवर ऐकले. पहारीचे घाव, आणि कुलकर्णी वहिनींची किंकाळी, "अहो, धावा! देवरे दार फोडतायत!"

"माय पडलीये आत! व्हिडिओ काय काढता, पहारीला हात लावा!"

न्हाणीघरात आईचे खुब्याचे हाड मोडले होते. वेळेत नेले म्हणून ती वाचली. ती इस्पितळात असतानाच मालिका संपली. वॉचमनच्या मरणावर वहिनी पदराने डोळे पुसत राहिल्या. किल्ली मात्र कोणीच परत आणून दिली नाही. दार का फोडावे लागले, असे विचारणाऱ्याला नाना सांगत, "कुलपात गंज होता." फुटलेल्या दारात ते नवे कुलूप चकाकत होते. सगळ्यांनी ते पाहिले आणि सगळ्यांनी गंज मान्य केला.

आईला घरी आणल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते पुण्याला जाण्यासाठी सामान बांधत होते. त्यानंतर ते नाशिकला परतले नाहीत, पुण्यातच वारले. मी माफीची सुरुवात केली, ती त्यांनी हाताने थांबवली.

"किल्ली मागायला यायचं होतंस, भो. बाकीचे आले. खोटं बोलले, पण माझ्यासमोर बसून बोलले. चहा पिऊन गेले."

मग ते पुन्हा दोरीची गाठ आवळू लागले. मी बराच वेळ उभा होतो. बस, असे ते म्हणाले नाहीत.