लीसाहेबांची पहिली जयंती

जयंतीकाकांच्या गाडीच्या डिकीत स्पेअर टायर नसायचा, पण हार असायचा. कुणाची जयंती कधी निघेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मूळचे नागपूरचे, सांता क्लाराच्या एका चिप कंपनीतून रिटायर झालेले. त्यांचं खरं नाव घ्यायची आम्हांला कधी वेळच आली नाही.

एका गराज सेलमध्ये त्यांनी टेबललॅम्प घेतला आणि मालकानं सोबत जुन्या पुस्तकांचं खोकं फुकटात गळ्यात मारलं. लॅम्प कधी लागलाच नाही. खोक्यातून मात्र एक पातळसं इंग्रजी पुस्तक निघालं. फार वर्षांपूर्वी चीनहून सॅन फ्रान्सिस्कोला येऊन चित्रं आणि मूर्ती विकणाऱ्या ली नावाच्या माणसानं ते लिहिलं होतं. काचेत बुद्धाची मूर्ती मांडली की रस्त्यावरचे लोक हसायचे आणि हसता हसता आत यायचे, असं त्यात होतं. काका या लेखकावर फिदा झाले. पण इंटरनेटवर बघतात तो त्याच्याबद्दल जेमतेम दोन ओळी. फोटो नाही, मागे कुणी उरलं की नाही याचा पत्ता नाही. काका भयंकर चिडले.

"आमच्या आज्याले सही करता येत नव्हती," ते मला म्हणाले, "अन् या माणसानं परक्या भाषेत पुस्तक लिहिलं. त्याले आपला म्हणणारं एक माणूस भेटू नये? मी शोधतो."

त्या दिवसापासून तो लेखक 'लीसाहेब' झाला आणि मी ड्रायव्हर झाले, कारण काकांना फ्रीवेची भीती वाटे. चायनाटाऊनमधल्या दुकानादुकानांत शिरून ते पुस्तक पुढे करायचे. दुकानदारांना वाटे, हा गृहस्थ पुस्तक विकायला आलाय. ते मान हलवून नको म्हणत, मग काकांना ओशाळल्यासारखं व्हायचं आणि ते काहीतरी खरेदी करून बाहेर पडायचे. काकूंच्या ओट्यावर चिनी किटल्यांची रांग लागली. "लीसाहेब मिळाले की त्यांनाच चहा करायला बसवते," काकू म्हणायच्या.

शेवटी लायब्ररीतल्या एका जुन्या वर्तमानपत्रात लीसाहेबांच्या दुकानासमोरचा फोटो सापडला. सात-आठ माणसं उभी, खाली नावं नाहीत. काकांना क्षणभरही शंका आली नाही. मधोमध कोट घातलेला, चष्मा लावलेला, हातात पुस्तक धरलेला माणूस होता. आमच्याकडच्या चौकाचौकातला पुतळा असाच उभा असतो. आता मोठ्या माणसाची दुसरी काय खूण असते? काकांनी तेवढाच भाग कापून मोठा केला, फ्रेम केला आणि जाहीर केलं की लीसाहेबांची जयंती करायची.

मी म्हटलं, काका, जन्मतारीख तरी कुठे माहीत आहे? त्यावर हॉल ज्या रविवारी रिकामा मिळाला ती तारीख ठरली. "माणूस सापडत नसन तर त्याले बोलवावं लागते," ते म्हणाले. मग आसपासच्या सगळ्या लायब्ररींच्या बोर्डांवर त्या फोटोची आणि लीसाहेबांच्या नावाची पत्रकं लागली. खाली ठळक अक्षरांत: सर्वांना जेवण आहे.

हॉल खचाखच भरला, यात वडाभाताचा वाटा किती आणि लीसाहेबांचा किती हे मी सांगणार नाही. बुद्धवंदना झाली, फोटोला हार घातला, पोरांनी केक कधी म्हणून भंडावून सोडलं. काका भाषणाला उभे राहिले आणि ऐन रंगात आले, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी चिनी बाई काठी टेकत थेट स्टेजपाशी आली. तिनं काठी उचलून फोटोवर रोखली.

"हा माझा आजोबा नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "हा समोरचा दुकानदार, लहानपणी मी याला पाहिलंय. यानं जन्मभर माझ्या आजोबांची टिंगल केली, आणि तुम्ही त्याला हार घालता?"

मला तर जमीन दुभंगावी असं झालं. काकांचा चेहरा मात्र उजळत गेला. "नात!" ते ओरडले. "नात सापडली!" त्यांनी फोटोवरचा हार ओढून काढला आणि आता त्याचं काय करावं हे न सुचून सरळ तिच्याच गळ्यात घातला. ती थक्क होऊन हाराकडे बघत राहिली, मग खुदकन हसली, आणि मग तिला हसू आवरेना.

काकांनी न कापलेला फोटो आणला. ग्रेसताईंनी, म्हणजे त्या बाईंनी, अगदी कडेच्या माणसावर बोट ठेवलं. टोपी हातात घेतलेला, बुटका, अंग चोरून उभा. काकांच्या कात्रीनं नेमका तोच उडवला होता. दुकान बुडाल्यावर घरात आजोबांचं नाव काढायची सोय नव्हती; त्यांनी पुस्तक लिहिलंय हे ग्रेसताईंनी फक्त ऐकलं होतं. काकांनी आपली एकुलती एक प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथेच उभं राहून पहिलं पान मोठ्यानं वाचलं. काका पोरांसमोर ढसाढसा रडले आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

पुढे प्रकृतीमुळे काका-काकू मुलीकडे दूर दुसऱ्या राज्यात, चँडलरला गेले आणि मागच्या वर्षी काका गेले. शोकसभेला ग्रेसताई विमानानं आल्या. दारात मुलीनं विचारलं, आपण कोण? "नातेवाईक," त्या म्हणाल्या आणि तडक हार घातलेल्या फोटोसमोर गेल्या. चष्मा पुसला, वाकून नीट निरखलं.

"धिस टाइम," त्या वळून म्हणाल्या, "राइट मॅन."

सगळ्यांत आधी काकू हसल्या. मग आम्हांला कुणालाच थांबता येईना. डोळे पुसत पुसत हसत होतो, आणि पोरं विचारत होती की केक कधी कापायचा.