रॉकस्टार मिल्या आणि त्याचे आबा

मिलिंद गेल्यापासून आम्ही बँडवाले कुठेही बसलो की चहा येईपर्यंत त्याचे किस्से सुरू झालेले असतात. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. जगासाठी तो मोठा रॉकस्टार, आमच्यासाठी काळाचौकीच्या चाळीतला मिल्या. मी त्याचा ड्रमर, कायम त्याच्या पाठीमागे बसलेला. त्यामुळे माझ्याकडचा साठा जरा जास्तच!

*

त्याचे वडील, आबा, वस्तीवस्तीत भीमगीतं गायचे. आमच्या पहिल्या मोठ्या शोला ते आले आणि पुढच्याच रांगेत बसले, कानात कापसाचे बोळे घालून! मिल्या तेव्हा इंग्रजीत गायचा. शो संपल्यावर घाबरत घाबरत त्याने विचारलं, "कसं वाटलं?"

"आवाज चांगलाय. पण एवढा राग कोणावर रे?"

"तुम्ही पण रागानेच गायलात ना जन्मभर?"

"गायलो. पण माझा राग शेवटच्या रांगेला कळायचा!"

पुढचं गाणं मिल्याने मराठीत लिहिलं. आमचं नाव झालं ते त्या गाण्यामुळे.

*

आमचा बेस गिटारवाला नेल्सन गिरगावचा. त्याच्या मम्मीचा मिल्यावर फार जीव. एकदा मिल्या त्यांच्याकडे राहिला. सकाळी उठून बघतो तर काय, त्याच्या महागड्या फाटक्या जीन्सची सगळी भोकं मम्मीने शिवून टाकलेली! वर म्हणाली, "आता फेमस झालास ना? मग चांगले कपडे घाल, बाबा."

तीच जीन्स घालून तो स्टेजवर आला. माईक हातात घेऊन म्हणाला, "आज पहिल्यांदाच पूर्ण कपड्यांत गातोय!"

अख्खं ग्राउंड हसलं. मम्मी तेवढी गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवत होती.

*

तो गेला त्या दुपारी आम्ही कॉटन ग्रीनला, प्रॅक्टिसच्या जागेबाहेर, टेम्पोत सामान चढवत होतो. रस्त्यापलीकडे एक माणूस बायकोला केसांना धरून मारत होता. लोक मोबाईल काढून उभे. मिल्या ओरडला, "ए, सोड तिला!" आणि धावत जाऊन दोघांच्या मध्ये उभा राहिला. त्या माणसाच्या हातातला सुरा आम्हाला दिसला तोवर उशीर झाला होता. हॉस्पिटलला पोचायच्या आतच मिल्या गेला.

संध्याकाळपर्यंत चॅनलवाल्यांनी त्यात ड्रग्ज आणले, गँग आणली, गर्लफ्रेंड आणली. दारात आलेल्या रिपोर्टरला आबा म्हणाले, "माझा मुलगा भांडण सोडवायला गेला होता. बातमीला एवढं पुरत नाही का?"

*

काही दिवसांनी ती बाई, शोभा, आबांच्या दारात आली. बाहेरच उभी राहून रडायला लागली. "आबा, माझ्यामुळे..."

आबांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "आधी आत ये. जेवलीस का?"

नवऱ्याविरुद्ध साक्ष देऊ नको म्हणून सासरचे तिच्या मागे लागले होते. तारखेला आबा स्वतः तिला कोर्टात घेऊन गेले. मी आणि नेल्सन मागोमाग. जिन्यापाशी तिचा दीर आडवा आला. आवाज खाली घेऊन आबांना म्हणाला, "काका, कशाला ताणताय? तुमचा मुलगा मध्ये पडला नसता, तर आज घरी असता."

आबा थांबले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"मध्ये पडला नसता, तर मी त्याला घरात घेतला नसता."

मग शोभाकडे वळून म्हणाले, "चल पोरी, तुझं नाव पुकारतायत."