हातात न दिलेला कागद

आई, आपल्या वैशाखरे गावाहून बेंगळुरूला निघाले त्या सकाळी तू एसटीच्या खिडकीशी उभी होतीस. इंग्रजी धड येत नव्हतं, तिकडं ओळखीचं कुणी नव्हतं. तू म्हणालीस, "घाबरू नको गो, कोन खातंय तुला?"

कुणी खाल्लं नाही. उलट आता मोठमोठ्या कंपन्याच मला बोलावतात, आमच्याकडे कामगारांत भेदभाव होतो का ते बघा म्हणून. मी बघते, रिपोर्ट लिहिते, साहेबांना चार गोष्टी सुनावते. तुला मात्र हे काम कधी नीट सांगितलंच नाही.

गेल्या महिन्यात शहापूरजवळच्या एका गोदामात गेले. मी शेजारच्याच मुरबाडकडची, हे तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. तिथला सुपरवायझर सगळ्यांना हजेरीचं कार्ड हातात द्यायचा, वाडीवरच्या आदिवासी बायकांचं तेवढं टेबलावर ठेवायचा. मी लगेच टिपून घेतलं, मनातल्या मनात त्याला शिव्याही घातल्या. मग मी कामगारांना माझे तपासणीचे फॉर्म वाटायला लागले. वाडीवरच्याच, माझ्या वयाच्या एकीनं हात पुढं केला, आणि मी फॉर्म तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिनं तो उचलला. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "तुमी इकडल्याच ना, बाय?"

कशावरून, हे विचारायची माझी छाती झाली नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत वाडीवरच्या बायकांना जेवायला वाढताना तू मला सांगायचीस, "ताट खाली ठेव गो, हातात नाय द्यायचं." माझी भाषा बदलली, कपडे बदलले, हात काही बदलला नाही. आजवर आणखी किती जणींशी अशी वागले असेन, या विचारानं झोप उडते.

रिपोर्टमध्ये भेदभाव करणाऱ्यांत सुपरवायझरच्या आधी मी स्वतःचं नाव लिहिलं. हे काम माझ्याकडे राहील का, अजून कळलेलं नाही.

तुझ्याबद्दल त्यात काही लिहिलं नाही. दिवाळीला येते. तेव्हा भाताच्या झोडणीला वाडीवरच्या बायका असतील. त्यांना ताट मी हातात देणार आहे, तुझ्या देखत. तू काय म्हणशील, याची मला कुठल्याही साहेबापेक्षा जास्त भीती वाटते. त्यानंतर तू मला 'आत ये' म्हणाली नाहीस, तर घर म्हणायला मला दुसरीकडे कुठंच काही नाही.