पायलच्या लग्नातलं गाणं

कामठीच्या पुष्पलता मेश्राम तीस वर्षं अंगणवाडीत होत्या. पण वस्तीत त्यांची ओळख लग्नाची गाणी लिहून गाणारी बाई अशीच. लग्न ठरलं की त्या नवरीच्या घरी जाऊन बसत आणि तिच्या आईला बोलतं करत. त्यातून जे गाणं निघे, ते त्या एकाच मुलीचं असे. दुसऱ्या लग्नात ते चाललंच नसतं.

यंदा शेजारच्या भावनाच्या पायलचं लग्न ठरलं. बोलावणं येईल म्हणून पुष्पलता वाट पाहत होत्या. आला तो पायलचा मोठा भाऊ अनिश, हातात फोन घेऊन.

"मावशी, गाणं तर एआयनं बनवून देल्लं. मस्त बनलं. तुम्ही फक्त थोडंसं ठीक करून द्या न."

पुष्पलतांनी वाचलं. यमकं चोख होती. बाबांची परी, बाबांचे पाणावलेले डोळे.

"काहून गा अनिश, पायल तीन वर्षांची असताना वडील गेले न तुमचे?"

"हो न, तेवढंच बदलवायचं आहे."

तेवढंच! त्या तडक भावनाकडे गेल्या. भावनानं ब्लाउज शिवून दोन्ही लेकरं वाढवली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "चिंध्यांच्या ढिगातच झोपे पायल. मशीनच्या आवाजानं नाही उठायची, ताई. मशीन थांबली की उठायची."

पुष्पलतांना हवं होतं ते मिळालं. त्यांनी तीन दिवस बसून सगळं गाणं नव्यानं लिहिलं. 'मशीन थांबली की दचकून उठे लेक' ही ओळ धृपदाला घेतली आणि कागद अनिशला दिला.

लग्न नागपूरच्या बेसा भागातल्या एका हॉलमध्ये झालं. वधू-वर मंचावर आले आणि स्पीकरवर एका अनोळखी गोड आवाजात गाणं सुरू झालं. 'आईच्या मायेच्या सावलीत फुलली कळी.' पुष्पलता शेवटपर्यंत कान देऊन बसल्या. मशीन नव्हती, चिंध्या नव्हत्या. भावना मात्र पदर डोळ्यांना लावून रडत होती, आणि तिच्याबरोबर अर्धा हॉल.

जेवणाच्या रांगेत त्यांनी अनिशला गाठलं.

"माह्या ओळी कुठं गेल्या?"

"टाकल्या होत्या न, मावशी. पण चालीत बसून नव्हत्या राहिल्या. मंग एआयलेच म्हटलं, हेच जरा सुंदर करून दे. अर्थ तोच आहे."

अर्थ तोच! ताट तसंच ठेवून त्या बसस्टॉपवर आल्या. अनिशचा राग होताच. त्याहून जास्त राग त्या रडणाऱ्या हॉलचा होता. कुणाचंही गाणं लावलं असतं तरी ही माणसं रडलीच असती का? मग आपण एवढी वर्षं लोकांच्या घरी जाऊन काय विचारत होतो?

आठ दिवसांनी भावना मिठाईचा डबा घेऊन आली. पुष्पलतांनी डबा बाजूला ठेवला, वही काढली आणि काही न सांगता मूळ गाणं चालीवर म्हणून दाखवलं. धृपद आलं तशी भावना ताठ बसली. या वेळी ती रडली नाही.

"हे तर मी सांगतलं होतं तुम्हाले."

"हो."

"लग्नात आलं नाही, तं मले वाटलं तुम्ही विसरल्या. मनातल्या मनात मी नाराज झाली होती तुमच्यावर."

पुष्पलतांनी वही मिटली. भावना म्हणाली, पायल आली की तिला ऐकवू. पायलचं सासर बेसालाच आहे, फार लांब नाही. पण महिना झाला, अजून ती आलेली नाही.