नानांनी चाखलेले पाणी

माझ्या पत्नीला माझ्याविषयी जवळजवळ सगळे ठाऊक आहे. एवढे मात्र तिलाही ठाऊक नाही. चौदा वर्षे झाली. या काळात कितीदा तरी मी कोणाजवळ बोलायला बसलो — आणि प्रत्येक वेळी नानांचे मोठेपण सांगून तिथेच थांबलो. ऐकणाऱ्याला वाटे, किती कृतज्ञ माणूस आहे हा! आजही सुरुवात नानांपासूनच करणार आहे. पण आज तिथे थांबू नये, असे मनाशी ठरवून बसलो आहे.

नाना आमचे घरमालक. धुळ्याला देवपुरात त्यांचे दुमजली घर होते. खाली ते आणि त्यांच्या पत्नी — त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे — आणि वर भाडेकरू म्हणून आम्ही दोघे. मी तिथल्याच एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. एरंडोलकडची शेती मुलाच्या हाती सोपवून नाना शहरात आले होते. शाळा चौथीपर्यंत झालेली. परंतु त्यांच्याजवळ एक विद्या होती, जी मला कोणत्याही पदवीधरात आढळली नाही. ते पाणी जिभेने ओळखत.

कोणी नवी विहीर खोदली की बाटलीत पाणी भरून एसटीने नानांकडे येई. नाना तळहातावर घोटभर घेत, तोंडात धरत, डोळे मिटत, आणि अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी थुंकून टाकत. मग सांगत — हे कपाशीला चालेल, केळीला नाही. यात डाळ शिजायची नाही. या विहिरीत शेजारच्या गोठ्यातले मुरते आहे. कोणी त्यांना पाणाड्या म्हटले की हसून म्हणत, “पानी कोठे शे ते देव जाने. कसं शे ते मी सांगसू.”

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात घ्या, कारण माझा अपराध तिच्यामुळेच दुप्पट होतो. मला त्यांच्या विद्येबद्दल शंका होती. म्हणून अशा सहा बाटल्यांमधले उरलेले पाणी मी गुपचूप प्रयोगशाळेत नेऊन तपासले. सहाही वेळा नाना बरोबर निघाले. म्हणजे ती जीभ किती खरी आहे, हे जगात पुराव्यानिशी कोणाला माहीत होते? एकट्या मला.

पासष्टाव्या वर्षी नानांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. जावई रत्नागिरीला मासेमारीशी संबंधित नोकरीत होते. त्यांच्याकडे महिनाभर राहून नाना परतले ते वेगळेच माणूस होऊन. ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यात त्यांनी प्रवाळ पाहिले, खडकाला चिकटून फुलासारखे उमलणारे जीव — समुद्रफुले — पाहिली, शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे पाहिले. “दर्यामा मळा शे, भाऊ,” ते मला सांगत, “बठ्ठा फुलेसना मळा.” शेतकऱ्याच्या डोळ्याला समुद्र शेतासारखाच दिसला, याचे मला आजही नवल वाटते. आणि मग त्यांनी ठरवले की त्या मळ्याचा एक वाफा आपल्या घरात लावायचा. समुद्रापासून इतक्या दूर! चार फुटी काचेची पेटी करून घेतली, हवेचा पंप आणला. अक्का म्हणाल्या, “वावरमा पानी नही, आनि घरमा दर्या!” गल्लीतले लोक दारातून ओरडत, “नाना, कालवण कव्हय?” नाना उत्तर देत, “पहिलं ताट तुनंच!”

पण हसण्याखाली त्यांचे काम किती काटेकोर होते! भरायला समुद्राचे पाणी कोणते घ्यावे, यासाठी त्यांनी रत्नागिरीच्या बाजूला तीन ठिकाणी तोंड खारट करून घेतले. खाडीच्या मुखाशी नदीचे पाणी मिसळलेले — नको. धक्क्यापाशी डिझेलची चव — नको. खडकांपुढे, भरतीचे नुकते आत आलेले पाणी त्यांनी पसंत केले, आणि जावयांच्या ओळखीच्या ट्रकमधून पंधरा कॅन धुळ्याला आणले. पाठोपाठ जावयांनी प्रवाळाचे दोन खडक, तीन समुद्रफुले, खेकडे, झिंगे आणि चार निळे मासे पोहोचते केले. दिवाळीनंतरचे दिवस होते. थंडी वाढली तशी नाना पेटीभोवती गोधडी गुंडाळू लागले. समुद्रफूल पहिल्यांदा पुरते उमलले तेव्हा त्यांनी मला जिन्यावरून हाक मारून खाली बोलावले, आणि आम्ही दोघे जमिनीवर मांडी घालून कितीतरी वेळ नुसते पाहत बसलो. इतके निर्मळ कुतूहल मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही.

मग पेटीतले पाणी आटू लागले. रोज दोनेक लिटर उडून जाई. मी — रसायनशास्त्राचा अध्यापक — विचार न करता म्हणालो, की समुद्राचे उरलेले पाणी घालत जा. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आटते तेव्हा ते खारवट का होते, हे नानांना लहानपणापासून माहीत होते. “मीठ उडस नही, भाऊ,” ते हळूच म्हणाले. “पानी उडस.” म्हणजे भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तीही ज्यात विरघळलेले काहीच नाही अशा. त्यांनी मला लाजवण्यासाठी हे म्हटले नव्हते. पण मला ते लागले. का लागावे? चौथी शिकलेल्या माणसाने दुरुस्त केले म्हणून? होय, म्हणूनच.

पुढचे आठ दिवस नाना पाणी शोधत हिंडले. नळाचे चाखले — ब्लीचिंग पावडर. कॉलनीच्या बोअरचे चाखले — चुना, भांड्याला पांढरे पुट चढवणारा. गावाकडच्या आपल्या विहिरीचे आणून चाखले. दहा वर्षांपूर्वी हे चालले असते म्हणाले, आता यात खत उतरले आहे. स्वतःच्या विहिरीला नापास करणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे का? शेवटी ते वर माझ्याकडे आले. मातीला न शिवलेले पाणी तुमच्याकडे मिळेल का, असे त्यांनी विचारले. मी मोठ्या ऐटीत सांगितले की डिस्टिल्ड वॉटर म्हणतात ते हेच. प्राचार्यांची परवानगी घेऊन मी आमच्या विभागातून कॅन आणू लागलो.

आता त्या यंत्राविषयी सांगितले पाहिजे. ते तांब्याचे होते; आतून कल्हई केलेले. आम्ही त्याला बंबच म्हणत असू. दोन वर्षांपूर्वीच आमच्या शिपायाने मला दाखवले होते की आतली कल्हई गेली आहे, तांबे उघडे पडले आहे. बंबाची देखभाल माझ्याकडे होती. कल्हईवाला पाच मिनिटांच्या अंतरावर बसे. मी ते काम आज-उद्यावर टाकले होते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना काय फरक पडतो?

पहिला कॅन नानांनी उघडला, तळहातावर घोट घेतला, डोळे मिटले. मी हसत उभा होतो. त्यांनी डोळे उघडले ते संकोचून. “भाऊ, हाई पानीले तांबानी चव शे.”

मी काय करायला हवे होते? बंब आठवायला हवा होता — आणि खरे सांगतो, तो आठवला. त्याच क्षणी आठवला. तरी मी म्हणालो, “नाना, डिस्टिल्ड पाण्याला चव नसतेच. मी स्वतः तपासलं आहे.”

मी तपासले नव्हते. एक थेंबही नाही.

नानांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या विश्वासाने कोणी आपल्याकडे पाहू नये, असे ते पाहणे होते. “तुमी तपासं ना? मंग मनी जीभ काय सांगस?” असे म्हणून त्यांनी ते पाणी पेटीत घातले. आणि त्यानंतर रोज घातले. मीठ उडत नाही, तसे तांबेही उडत नाही. ते रोज थोडे थोडे साठत गेले. मी दर दोन दिवसांनी कॅन आणून देत राहिलो.

महिनाभरात झिंगे मेले. मग खेकडे शंखातून अर्धवट बाहेर येऊन पडले. मग समुद्रफुले आक्रसली, त्यांचा चिकट गोळा झाला. प्रवाळाचे खडक उमलायचे थांबले. निळे मासे मात्र तसेच पोहत होते. थोड्या तांब्याने मासे तगतात आणि फुले, खेकडे मरतात, एवढे मला वाचून माहीत होते. नाना गोधडी बाजूला सारून तासन्तास बसत. एका सकाळी त्यांनी मला विचारले — आरोप म्हणून नव्हे, एखाद्या वैद्याला विचारावे तसे — पाण्यात काही नव्हते ना? मी पुन्हा म्हणालो, “नाही नाना. तपासलेलं पाणी आहे.”

पहिले खोटे घाईत निसटले, असे कोणी म्हणू शकेल. दुसरे मी शांतपणे, पूर्ण वाक्यात बोललो. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. तरुणपणाची सबब मला नाही.

त्या रविवारी दुपारी मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो. बंबाचे दोन लिटर पाणी आटवून चमचाभर केले आणि त्यात अमोनिया टाकला. परीक्षानळीत फिकट निळा रंग उतरला. हा प्रयोग मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. त्याचा अर्थ सांगायला कोणाची गरज नव्हती. मी नळी धुतली, आणि घरी निघालो — सांगायचेच, असे ठरवून. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण ठरवले होते.

ओट्यावर दोन पाहुणे बसले होते, नानांच्याच गावाकडचे शेतकरी. नव्या विहिरीची बाटली त्यांनी समोर ठेवली होती आणि नाना ती हातात घेत नव्हते. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. “घोटभर तरी ल्या, नाना,” त्यांतला थोरला विनवत होता. नानांनी मान हलवली. “मनी जीभ म्हतारी व्हयनी, दादा. तांबं नही तठे माले तांबं लागस.” मग मी फाटकातून आत येताना त्यांना दिसलो आणि त्यांचा चेहरा उजळला. “त्या पहा, भाऊ उनात. बाटली त्यास्ले द्या. त्या तपासतस.”

थोरल्याने उठून बाटली माझ्यापुढे धरली. बोलायची हीच वेळ होती ना? दोन अनोळखी माणसे, अक्का दारात, आणि नाना — सगळी माझ्याकडे पाहत होती. चार शब्द पुरले असते.

मी बाटली घेतली.

दुसऱ्या दिवशी बंबाला कल्हई करून आणली. कोणाला काही बोललो नाही. नानांनी निळे मासे कॅनमध्ये घालून जावयांकडे परत पाठवले आणि पेटी काढून टाकली. माझ्यावर त्यांचा राग तर सोडाच, लोभ वाढला. इतके दिवस पाणी पुरवले म्हणून गावाकडच्या केळीचा पहिला घड त्यांनी वर आणून दिला. मी तो घेतला, आणि आम्ही तो खाल्ला.

पुढे ते सहा वर्षे जगले. पाणी पुन्हा चाखले नाही. बाटल्या थेट माझ्याकडे येऊ लागल्या, आणि मी प्रत्येक बाटली अगदी नीट तपासली. त्याने काही भरून निघते असे मला म्हणायचे नाही. एकदा अक्का जिन्यात थांबून मला म्हणाल्या, “आते कशालेच नाव ठेवतस नही, भाऊ. मीठ कमी-जास्त व्हयनं तरी गुपचूप जेवतस. वाढाले मजाच नही.” चाळीस वर्षे नानांच्या ज्या चोखंदळपणाला त्या वैतागल्या, तो चोखंदळपणा मी त्यांच्या घरातून उचलून नेला होता. मी त्यांना काय उत्तर दिले असेल? वयाप्रमाणे असे होतेच, असे म्हणालो.

नानांच्या दहाव्याला गावोगावची माणसे आली. प्रत्येकाच्या बोलण्यात एक विहीर होती — नानांनी चांगली ठरवलेली, नाहीतर वेळीच नाकारून पोरांना आजारातून वाचवलेली. इतक्या विहिरींच्या काठावर एकाच माणसाचे नाव निघते, हे ऐकताना मला खरोखर अभिमान वाटत होता, माझ्यासारख्यालाही. मग कोणीतरी माझ्याकडे बोट करून सांगितले की नानांनी आपली विद्या स्वतःच्या हाताने या सरांकडे सोपवली. लोकांनी वळून मला नमस्कार केला. मी हात जोडून तो स्वीकारला.

अक्काही आता नाहीत. ज्यांना सांगायचे, त्यांच्यापैकी कोणी उरले नाही. आणि तोवर मी वाट पाहिली, हेही माझ्याच खात्यावर आहे. नानांच्या जिभेला काहीही झालेले नव्हते. ती शेवटपर्यंत खरी होती. हे नानांना माहीत असायला हवे होते. ते आता तुम्हाला माहीत आहे.