मथुराला सांगितलेला नियम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, ज्या डॉक्टरांची गाडी मी अर्धा जन्म चालवली त्यांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या बायकोला तर नाहीच नाही. मथुरा आत्ता शेजारी वाल सोलायला गेली आहे. चार बायका जमल्या म्हणजे ती लवकर काही येत नाही. तेवढ्यात बोलून टाकतो — नाहीतर पुन्हा राहील. असं कितीदा राहिलंय.

गोष्ट म्हटली तर एका मोपेडची आहे. तुम्ही म्हणाल, मोपेडची कसली आली कबुली? चोरली होती का? नाही हो. चोरली असती तर बरं झालं असतं, पोलिसांत जाऊन सांगून मोकळा तरी झालो असतो.

आम्ही वसईजवळच्या उमेळ्याचे. घरची वाडी होती, केळी होत्या, पण माझं मन मातीत कधी रमलं नाही. मला गाडीचं वेड. वसई गावातल्या एका डॉक्टरांकडे मी ड्रायव्हर म्हणून लागलो, सत्तरच्या दशकात, लग्नाच्या जरा आधी. आमच्या आळीत तेव्हा गाडीचं लायसन असलेला मी एकटा. म्हातारीकोतारीसुद्धा मला ‘डायवर’ म्हणून हाक मारायची. रस्त्याचा, पोलिसाचा, लायसनचा काही प्रश्न निघाला की लोक माझ्याकडे यायचे, आणि मी नाक वर करून सांगायचो. मी सांगेन तो नियम. आणि सायकल? सायकल मला येत नव्हती. लहानपणी एकदा विहिरीच्या कठड्यावर आपटलो होतो, तेव्हापासून हात लावला नव्हता. गाडी चालवणाऱ्याला सायकल येते की नाही, हे कोण विचारतो?

मग डॉक्टरांच्या कंपाउंडरनं स्कूटर घेतली आणि त्याची जुनी मोपेड माझ्या पदरात पडली. मला वाटलं, एवढी मोटार चालवतो मी, हे तर खेळणं. लायसन खिशात होतंच की! डगमगत का होईना, वसईला जायला लागलो. एके दिवशी स्टेशनजवळ हवालदारानं हात दाखवला. ओळखीचाच माणूस. लायसन बघून हसायलाच लागला. म्हणाला, डायवर, हे मोटारीचं झालं, मोटारीपुरतं. दुचाकीचा शेरा याच्यावर वेगळा लागतो. शिकाऊ काढा, मागे-पुढे एल लावा, मग ठाण्याच्या आरटीओत जाऊन टेस्ट द्या. मला हे माहीत नव्हतं. सगळ्या आळीला नियम सांगत फिरणाऱ्या मला!

तर गेलो टेस्टला. तेव्हा आमचं सगळं ठाण्यालाच. मैदानात चुन्यानं आठचा आकडा काढलेला, त्यावरून पाय न टेकता फिरायचं. साहेबानं माझं मोटारीचं लायसन पाहिलं, म्हणाला, तुम्ही तर जुने ड्रायव्हर, तुम्हाला काय अवघड! पहिलं वळण कसंबसं घेतलं. दुसऱ्या वळणाला वेग जास्त वाटला — आणि माझा उजवा पाय आपोआप खाली गेला. ब्रेक शोधायला. मोटारीत ब्रेक पायाखाली असतो ना! मोपेडचा ब्रेक हातात, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. डोक्याला ठाऊक होतं, पायाला नव्हतं. पाय हवेत दाबला, जमिनीला टेकला, आणि मी मोपेडसकट चुन्यात आडवा. साहेब चांगला होता. म्हणाला, मोटारवाले बहुतेक असेच पडतात, सराव करून पुन्हा या. रांगेतली पोरं तोंड फिरवून हसत होती.

घरी आलो तर मथुरा दारातच उभी. ‘झालं?’ एवढंच विचारलं तिनं. आणि मी म्हणालो, ‘झालं.’

एक शब्द. तेवढ्या शब्दावर तिनं अख्ख्या आळीत साखर वाटली. पँटीवरचा चुना मी मागीलदारी जाऊन झटकला. पुन्हा टेस्टला जाईन, पास होईन, मग खोटं ते खरं होऊन जाईल असं मनाशी म्हणत होतो. गेलो नाही. एलच्या पाट्या काढून टाकल्या आणि स्टेशनाकडचा रस्ता सोडून आतल्या रस्त्यानं कामाला जायला लागलो. इथवर तुम्ही हसाल. मीसुद्धा हसलो असतो.

पण आता मथुराबद्दल सांगायला हवं. मथुरा विरारपलीकडच्या चांदीपची. बापाची भातशेती, थोडा भाजीपाला. लग्नाआधी भावाच्या सायकलवर मागे भाजीची टोपली बांधून ती बाजाराला जायची. तिकडची माणसं अजून सांगतात, लुगड्याचा काष्टा मारून ही पोर कशी वाऱ्यासारखी यायची. आमच्या घरात सायकल नव्हती — माझ्यामुळेच — म्हणून लग्नानंतर तिचं ते सुटलं. त्याबद्दलही कधी चकार शब्द नाही. अशी आहे ती. माझा फार जीव आहे तिच्यावर, हे मी तिला कधी धड सांगितलं नाही, पण आहे.

मोपेड आली त्याच सुमारास तिच्या बापाला, मामांना, लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही अडखळली. तिची आई आधीच गेलेली. भाऊ-भावजय बघत होते, नाही असं नाही, पण मामांचा जीव लेकीत. केस विंचरायचे, नखं कापायची, तोंडात घास द्यायचा तो मथुरानंच. दुसऱ्या कुणी नखांना हात लावला की डावी मूठ आवळून घ्यायचे. आणि मथुराला जायला मिळायचं ते रविवारी, मला सुट्टी असली तर. एसटीनं जायचं म्हणजे विरारला बदला, तिथे ताटकळा, आणि तिकडे पोचेपर्यंत परतीची शेवटची गाडी निघायची वेळ. घरात पोर लहान, वाडीचं काम, माझी आई. रोज काय, आठवड्यात दुसऱ्यांदाही जमायचं नाही.

एकदा पोलिसांच्या भीतीनं मोपेड घरीच ठेवून गेलो होतो, आणि दुपारी डॉक्टर झोपले म्हणून लवकर परत आलो. वाडीत मोपेडचा आवाज. बघतो तर मथुरा! पदर खोचलेला, आणि दोन माडांच्या मधून मोपेड फिरवतेय. एका माडाला वळसा, मग दुसऱ्याला. आठचा आकडा, हो, तोच! पाय कुठे टेकत नाही, मान ताठ, आणि हसतेय. माझी आई ओट्यावर बसून कौतुकानं बघतेय. मला आनंद झाला — झालाच, खोटं कशाला बोलू?

मला पाहून ती थांबली. धापा टाकत म्हणाली, ‘अवो, मी पन लायसन काढते. तुमच्यासंगं ठान्याला येते. दुपारची जेवनं आटपली का चांदीपला जायाचं, दिवेलागनीला परत. आत्यांना इचारलं मी, त्या हो बोलल्या. रोज जाईन बाबांकडं.’ सगळं ठरवून झालं होतं तिचं. सासू राजी, पोराला कोण सांभाळेल तेही पक्कं. अडचण एकच उरली होती. मी.

कारण ठाण्याला गेलो की सगळं बाहेर येणार होतं. तो साहेब मला ओळखणार. ‘काय हो, केला का सराव?’ म्हणणार, तिच्यादेखत. आणि त्याहून वाईट म्हणजे — हे सांगताना आजही मान खाली जाते — ती पास होणार होती. पहिल्या फटक्यात. मला दिसत होतं ते.

मी म्हणालो, तसं मिळत नाही. मोपेडचं लायसन काढायचं तर आधी मोटारीचं लागतं. मोटारीचं असेल त्यालाच देतात, नियम आहे तसा.

हवालदारानं मला जो नियम सांगितला होता तोच मी उलटा करून तिच्या पुढ्यात ठेवला. तिला खोटं का वाटावं? डायवर सांगतोय, म्हणजे तसंच असणार. तिनं मोपेड स्टँडला लावली, सीट पदरानं पुसली आणि म्हणाली, ‘असं हाय काय. मग ऱ्हाऊ दे.’ भांडली नाही. भांडली असती, ‘चला, विचारून तरी बघू’ म्हणाली असती तर? पण ती आत जाऊन चहा टाकायला लागली.

पुढे मामांचं जास्त झालं तेव्हा तिनं एकदा विचारलं, ‘आतल्या रस्त्यानं एकदाच जाऊ का? कोन बघतंय?’ मी म्हणालो, पकडलं तर माझी नोकरी जाईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मोपेडवर, तसाच बिनालायसन, कामाला गेलो.

मामा गेले ते आठवड्याच्या मधल्या वारी. दूधवाल्यानं निरोप आणला, मथुरा मिळेल त्या एसटीनं गेली. मला कळलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांची गाडी दिली. पोचलो तर ती बापाच्या हातापाशी बसलेली. रडून झालं होतं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘नखं वाढली होती ओ. ऐतवारी कापनार होते.’ मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं माझ्या हातावर डोकं टेकलं. मला आधार समजून! त्या वेळी बोलायला हवं होतं का? तेव्हा बोलून काय होणार होतं? आधी बोलायला हवं होतं. दोन वळणांपुरती लाज होती ती. साखर वाटली होती, झालं असतं चार दिवस हसं, विसरले असते लोक.

मोपेड मी नंतर विकून टाकली. मथुरानं कारण विचारलं नाही.

मग ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हाची गोष्ट. आमच्या आळीतल्या एका मुलीला शाळेत नोकरी लागली आणि ती नव्या मोपेडवरून जायला लागली. मोटारीचं लायसन तिला कुठलं असायला! मथुरानं तिला वाटेत थांबवून विचारलं. मी घरी आलो तर ही माझी वाटच बघत होती. तोंडावर हसू. म्हणाली, ‘अवो, आयकलं का? नियम बदलला. आता मोटारीचं नसलं तरी बायांना लायसन देतात.’ मग म्हणाली, ‘बाबा होते तेवा बदलला असता तर रोज गेले असते मी.’

माझ्याकडे बघत होती. तक्रार नाही, संशय नाही. बोलायची एवढी सरळ वेळ पुन्हा कधी आली नसती. सासू नव्हती घरात, पोरगा बाहेर गेलेला, आम्ही दोघंच. माझी जीभ उचललीसुद्धा होती. आणि मी म्हणालो, ‘हो, बदलला आता.’

ती म्हणाली, ‘चांगलं झालं. आता कोना लेकीचं अडायचं नाय.’

नियम बदलला नव्हता. तसा नियम कधी नव्हताच. तिला तिच्या बापापासून अडवलं ते मी, आणि ती सरकारला माफ करून चूल पेटवायला आत गेली.