वीस माणसांचा दरवाजा

दोमितिला असाबाचे आमच्याच मोचे गावची. वाळवंटाच्या कडेला कच्च्या विटांचं जे पुरातन देऊळ आहे, तिथं ती चोवीस वर्षं राबली. आधी उत्खननात वाळू झाडायला होती, पुढं वरच्या चौथऱ्यावर पहारेकरी झाली. मी खाली तिकिटाच्या खिडकीत.

एका सणाच्या गर्दीत चौथऱ्याचा कोपरा ढासळला आणि रंगवलेल्या भिंतीचा हातभर तुकडा मातीत गेला. दोमितिलानं आठ महिने खपून तो कोपरा लिंपला. तेव्हापासून एका वेळी वीसच माणसं वर, असा नियम झाला.

त्या सोमवारी सालाव्हेरी बंदरात क्रूझ उशिरा लागली. तीन बस भरून सव्वाशे पाहुणे आले ते दुपारी दोनला, आणि जहाज सुटणार पाचला. त्यांना आणणारा एजंट रेबासा घाम पुसत वर चढला. मी मागोमाग.

"दोमितिलाबाई, आज सगळे एकदम सोडा. वेळ नाही."

"वीस," ती म्हणाली.

"अहो, पैसे भरलेत त्यांनी!"

"मग वीस-वीस करून येतील. पैसे भरल्यानं वजन कमी होतं का माणसाचं?"

रेबासा पुढं सरकला. तिनं आपली खुर्ची दारात आडवी टाकली आणि त्यावर बसली. बसल्या बसल्या डबा उघडून शांबार, म्हणजे गहू-कडधान्यांचं सूप, प्यायला लागली. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. रेबासा लाल झाला. त्यानं संचालकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकून तिच्यापुढं धरला.

"आजच्या दिवस जाऊ द्या त्यांना," संचालक म्हणाले.

"लेखी द्या साहेब. तुमची सही हवी."

पलीकडून फोन कटला.

शेवटी वीस-वीसचे दोन गट वर गेले. बाकीचे खालूनच भिंत बघून, कुरकुरत बसमध्ये बसले. एक म्हातारी पाहुणी मात्र वर जायचा नंबर दुसऱ्याला देऊन दोमितिलाशेजारी पायरीवर टेकली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. भाजलेला मका दोघींनी मिळून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बदलीचा कागद आला: वाहनतळावर ड्युटी.

"यावर सही करायला साहेबांना बरं सुचलं!" म्हणून तिनं तो घडी करून खिशात टाकला आणि नेहमीसारखी वर जाऊन बसली. हजेरीपटावर तिचं नाव नाही, म्हणजे पगार नाही. मी समजवायला गेलो.

"हट्ट सोड गं. घरी चूल कशी पेटेल?"

"लिंपताना तू होतास का? नव्हतास. मग गप बैस."

अकरा दिवस हेच. तिच्या जागी नेमलेला नवा पहारेकरी पहिल्याच दिवशी म्हणाला, "मावशींच्या पुढ्यात मी काय उभा राहू?" आणि खाली निघून आला. उत्खननाचे मजूर जेवायला तिच्याजवळ जमायला लागले. चौथ्या दिवसापासून तिच्यासाठी कुणी ना कुणी डबा आणत होतं.

बाराव्या दिवशी संचालक धापा टाकत स्वतः वर आले. हातात हजेरीपट होता, त्यात तिचं नाव पुन्हा चौथऱ्याच्या ड्युटीवर.

"सही करा, बाई."

"मागचे अकरा दिवस?"

त्यांनी वाळवंटाकडं पाहिलं, मग पेन काढून अकराही रकान्यांत हजर लिहिलं. तिनं सावकाश, एकेक अक्षर नीट काढत सह्या केल्या.

पुढच्या जहाजाच्या बस रेबासानं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतरानं पाठवल्या. तो स्वतः मात्र बसमधून उतरला नाही.